सायकल हलकी पळाली

विरार पश्चिम
बुधवार, २१ जानेवारी २०२६

चि. क्षितिजा,

आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला खालच्या मजल्यावरचा ॲलिस्टर आणून देईल. कंपनीच्या कामासाठी तो उद्या पहाटेच्या विमानाने बंगळुरूला येतोय. आईला आज पत्र लिहायची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. हौस नाही गं. व्हिडिओ कॉलवर बाबा माझ्या शेजारी बसलेले असतात, आणि फोनवर हल्ली मी सरळ बोलतच नाही. कागदावर मात्र मला खोटं लिहिता येत नाही. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिले त्याचा एवढाच फायदा.

आधी खुशाली. सोनू जेवतोय. पालेभाजी बघितली की तोंड वाकडं करतो, ते तुझ्यावर गेलंय. मेथीची जुडी दिसली की तूही शेजारी पळायचीस. हर्षवर्धनरावांचा जहाजावरून मेसेज आला होता, मार्चअखेर उतरतील म्हणाले. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि मीही कुरकुरते, जोडी बरी जमलीय. ज्या ट्रेनिंगसाठी सोनूला आमच्याकडे ठेवलंस, ते नीट चाललं असेल.

गणपतीत तू आम्हा दोघांसाठी बॅटरीच्या सायकली आणि सोनूसाठी मागे जोडायचा तो ट्रेलर पाठवलास, तेव्हा मी तुला किती बोलले! म्हातारपणी ही कसली थेरं, म्हटलं. पण पहिल्याच रविवारी आगाशीवरून नंदाखाल, तिथून निर्मळ असे केळीच्या वाड्यांमधून सावलीसावलीने गेलो आणि मला माझे शब्द गिळावे लागले. पुढे बाबा, त्यांच्या मागे ट्रेलरमध्ये पट्टा बांधलेला सोनू, शेवटी मी. पाय दुखायला लागले की मोटर पुढे ढकलते. निर्मळची एक फुलवाली सोनूला बघून दर वेळी म्हणायची, "आला गो नवरदेव, गाडीत बसून आला!" तो लाजून डोळे मिटून घ्यायचा.

निर्मळच्या पुढे खाडीचा बांध आहे. बाबांना तिथला वारा फार आवडतो. बांधाच्या तोंडाशी मोटारी शिरू नयेत म्हणून दोन लोखंडी खांब रोवलेत. त्यांच्यामधून सायकल जाते, ट्रेलर जात नाही. म्हणून तिथे ट्रेलर सोडायचा, सायकल पलीकडे न्यायची, मग सोनूला उतरवायचं, ट्रेलर आडवा करून काढायचा आणि परत जोडायचा. जाताना एकदा, येताना एकदा. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं जोडलेल्या माणसाला यात कठीण ते काय? असं मी स्वतःला सांगत होते.

रविवारी तू कॉलवर विचारलंस, सोनू एवढा गप्प का? मी म्हटलं, सर्दी झालीय. सर्दी नव्हती.

त्या दिवशी सकाळी माझा गुडघा सुजला होता, म्हणून बाबा आणि सोनू दोघेच गेले. साडेअकराला बाबा आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा टाक. आज सायकल काय हलकी पळाली, मनू!" मी आधण ठेवलं. साखर घालताना लक्षात आलं की घरात सोनूचा आवाज नाही. विचारलं तर म्हणाले, "म्हणजे? तुझ्याजवळच होता ना?"

मी माझ्या सायकलवरून कशी गेले ते मला सांगता येणार नाही. गुडघा दुखत होता की नाही, तेही आठवत नाही. बांधाच्या अलीकडे रस्त्यावर एक बाई ट्रेलर हाताने ओढत येताना दिसली. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. कृष्णाबाई तिचं नाव, तिथल्याच शेतकऱ्यांच्या घरातली. ट्रेलरमध्ये सोनू बसलेला होता.

"तुजं पोर काय गो?" ती लांबूनच ओरडली. "आज अवस हाय. अवसेचं पानी त्या खांबांपाशी चढतं, सगल्यांना ठावं हाय! मी नि माज्या सुनेनं गाडी उचलून काडली. उतर बोललो तर पोर उतरंना. बोलतं, आजीनं पट्टा सोडायचा नाय सांगितलाय!"

ट्रेलरच्या तळाशी पाणी होतं. सोनूचे मोजे खाडीच्या चिखलाने काळे झाले होते. परत येताना बाबांनी खांबांशी ट्रेलर सोडला, सायकल पलीकडे नेली, आणि तिच्यावर बसून घरी आले. चार वर्षांचं पोर बांधावर एकटं, पट्टा बांधून, माझ्या शब्दाला जागत बसलं. अजून अर्ध्या तासाने काय झालं असतं ते मी लिहिणार नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. हे अचानक झालेलं नाही. दिवाळीत बाबा आगाशीहून घरी यायची वाट चुकले होते. डिसेंबरमध्ये मी त्यांना तुला न सांगता मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि निघताना मला म्हणाले, "आजी, लहान मुलाला यांच्याबरोबर एकटं सोडू नका." इतकं स्पष्ट. आणि महिन्याभरात मीच माझ्या हाताने सोनूला पट्टा बांधून दिला आणि गॅलरीतून टाटा केला.

का, ते ऐक. सोनू जवळ असला की बाबा बरे वाटायचे. त्याला झाडांची नावं सांगताना अडखळायचे नाहीत. तुला सांगितलं असतं तर तू त्याला त्याच आठवड्यात नेलं असतंस, आणि या विसरत चाललेल्या माणसाबरोबर घरात मी एकटी उरले असते. त्याची मला भीती वाटली, क्षितिजा. म्हणून मी तुझ्या मुलालाच बाबांचं औषध केलं. गुडघा सुजला होता हे खरं, पण जायचं ठरवलं असतं तर गेले असते. दोन तास घरात कुणी नको होतं, हेही खरं.

बाबांना रविवारचं काही आठवत नाही. सोमवारी सांगितलं तर माझ्यावरच चिडले, "माझ्या नातवाला मी विसरेन?" दोन्ही सायकलींच्या बॅटऱ्या मी ॲलिस्टरच्या घरी ठेवल्यात. बाबा रोज विचारतात, उद्या रविवार ना? आणि सोनू, बाबा नुसते खुर्चीवरून उठले तरी ओरडतो, "आजोबा, मी आहे! मी इथे आहे!" पाणी प्यायला उठले तरी ओरडतो. बाबांना तो खेळ वाटतो. मला दिवसातून पन्नासदा ते ऐकावं लागतं.

हे सगळं कालपर्यंतचं. आज सकाळी सोनू पोहे खात होता. बाबांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "हा मुलगा कुणाचा? गोड आहे. पण आपल्याकडे किती वेळ ठेवायचा? त्याची आई वाट बघत असेल."

"अहो, आपल्या क्षितिजाचा ना तो," मी म्हटलं.

"हो, हो," म्हणाले. समोरच्याचं पटत नसलं की आपण म्हणतो तसं. मग म्हणाले, "मी पोचवून येतो. सायकल नसली तर चालत जाईन."

तेव्हापासून ते दारापाशी खुर्ची टाकून बसलेत. पायात बूट, हातात सोनूची पाण्याची बाटली. दाराला आतून कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. सोनू माझ्या मांडीवर झोपलाय, मी खोलीची कडी लावून हे लिहितेय. मघाशी त्यांनी कडी वाजवली, अगदी अदबीने, परक्याच्या घरी वाजवावी तशी. "बाई," म्हणाले, "मुलाला तयार करा." एक्केचाळीस वर्षांत त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं.

पत्र वाचलंस की निघ. रजेचं नंतर बघ. आलीस की मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन, पण आधी सोनूला घेऊन जा. मागे मी कशी राहीन ते विचारू नकोस. मला माहीत नाही, पण मी राहीन, कारण त्यांना सोडून मला कुठे जायचं नाही.

ते पुन्हा कडी वाजवतायत. सोनू झोपेतच "मी आहे" म्हणाला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवलाय.

जिच्या भरवशावर तू मूल ठेवलंस, ती
तुझी आई