मी रात्री चोरून खात नाही, याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
प्रसूती रुग्णालय.

विषय : इन्सुलिन आजच सुरू करणेबाबत, तसेच अर्जदार चोरून खात नसलेबाबत.

संदर्भ : खिडकी क्र. ३ वर मी वेळोवेळी केलेली तोंडी विनंती, जिच्याकडे वेळोवेळी पाठ फिरवण्यात आली.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, मी मालट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावर पावत्या फाडण्याची नोकरी करते. मला आठवा महिना लागला आहे. गरोदरपणात होणारा मधुमेह मला झाल्याचे आपल्याच रुग्णालयाने शोधून काढले, त्याबद्दल मी आभारी आहे. माझे वजन एकशे चार किलो आहे. हे मी स्वतःच लिहून टाकते, कारण आपल्याकडचा काटा शंभरावर थांबतो, म्हणून मला दर वेळी धुलाईच्या गाठोड्यांच्या काट्यावर चढवतात आणि आपल्या रुग्णालयातल्या मावशी तो आकडा बाहेरच्या बाकांपर्यंत पोचेल अशा आवाजात पुकारतात. आम्ही ट्रकचे वजनसुद्धा खिडकीतून हळू सांगतो.

२. वजन जास्त असले की या आजाराचा धोका वाढतो, हे मला मान्य आहे. म्हणून आपल्या आहारतज्ज्ञ बाईंनी जे सांगितले ते मी शब्दशः पाळले. भात निम्म्यावर आणला, डाळ, अंडी व पालेभाजी वाढवली, एकदाच भरपेट न जेवता थोडे थोडे खाल्ले, गोड तर तोंडालाही लावले नाही. जेवण झाले की काट्याच्या आवारात फेऱ्या मारते. ड्रायव्हर लोक हसतात, वहिनी, आज गाडी भरलेली की रिकामी, असे विचारतात. विचारोत बापडे. जेवणानंतरची साखर आटोक्यात आली. परंतु सकाळची उपाशीपोटीची साखर काही केल्या उतरेना. येथून पुढे जे घडले त्याची मला किळस येते, आणि हा शब्द मी पूर्ण शुद्धीवर असताना वापरत आहे.

३. सकाळची साखर पाहून आहारतज्ज्ञ बाईंनी, उचलली जीभ लावली टाळ्याला, असे जाहीर केले की ही बाई रात्री चोरून खाते. एवढ्या अंगाच्या बायकांना राहवत नाही, हेही वर ऐकवले. मी पोटतिडकीने सांगत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे न बघता दंडाकडे बघत होत्या. मग माझ्या यजमानांना आत बोलावून माझ्यावर पाळत ठेवण्याची सूचना दिली. यजमान स्वभावाने साधे, त्यांनी घरी जाऊन आईला सांगितले. सासूबाईंनी साखरेचा डबा उशाशी घेतला. मुंग्या अंथरुणात शिरल्या, सासूबाईंना कडाडून चावल्या, आणि घरात असे ठरले की मुंग्या माझ्याच रक्तातल्या साखरेच्या वासाने आल्या. पाठोपाठ मिठाची बरणीही जप्त झाली, कारण अंधारात मी मीठ म्हणून साखर पळवीन म्हणे. सगळ्या घराने अळणी खाल्ले आणि शिव्या मला.

४. एवढ्यावर भागले नाही. रात्रीचे जेवण पूर्ण बंद करा, म्हणजे खरे-खोटे कळेल, असा बाईंचा हुकूम झाला. मी तेही केले. सकाळची साखर जिथल्या तिथे, लघवीच्या तपासणीत मात्र उपासमारीची खूण सापडली आणि कामावर पावती फाडताना मला घेरी आली. त्या दिवशी आपल्याकडे ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरसाहेबांनी मला बसवले, आधी खायला लावले आणि मग म्हणाले, ताई, यात तुमचं काही चुकलेलं नाही. बाळाला पोसणाऱ्या वारेतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे शरीरातले इन्सुलिन पुरे पडत नाही, आणि रात्रभर काही न खाताही यकृत रक्तात साखर सोडत राहते, असे त्यांनी समजावले. पथ्य पाळूनही सकाळचा आकडा उतरत नसेल तर इन्सुलिन टोचावे, त्याने बाळाला अपाय होत नाही, उपाशी तर मुळीच राहू नये, असेही त्यांनी सांगितले. महोदय, मी तिथेच हमसून हमसून रडले. माझ्यावर विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस. त्यांची लगेच दुसरीकडे बदली झाली.

५. त्यांची शिफारस खिडकी क्र. ३ वर पडून आहे. केसपेपरवर "रुग्ण सहकार्य करत नाही" असा आहारतज्ज्ञ बाईंचा शेरा असल्यामुळे, मी रात्री चोरून खात नसल्याचा शेजाऱ्याचा दाखला आणावा, असे कारकुनांनी सांगितले. न खाल्ल्याचा दाखला! बरे, तोही आणला. आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या शिक्षिकाबाईंनी लिहून दिले : "सदर बाईंच्या घोरण्याचा आवाज रात्रभर अखंड येतो, सबब त्या खात नसाव्यात." हा दाखला "नसाव्यात" या शब्दावर अडवण्यात आला. कार्यालयास "खात नाहीत" असे हवे. शिक्षिकाबाई जन्मभर भाषा शिकवतात. त्या म्हणाल्या, डोळ्यांनी पाहिलं नाही, तर "नाहीत" कुठल्या तोंडाने लिहू? अशा रीतीने माझे औषध एका क्रियापदात अडकले आहे.

६. त्यानंतर कारकुनांनी आवाज बारीक करून सांगितले की, फाइल पुढे सरकायची तर तिच्यावर थोडे वजन ठेवावे लागते. एका खोलीत म्हणतात वजन कमी करा, दुसऱ्या खोलीत म्हणतात वजन ठेवा. मी म्हटले, फाइल खुर्चीवर ठेवा, मी बसते तिच्यावर. ते संतापले आणि फाइल गठ्ठ्याच्या तळाशी गेली. प्रकार थुंकण्याच्याच लायकीचा आहे, परंतु भिंतीवर तशी मनाई लिहिलेली असल्याने मी गिळला.

७. काल सोनोग्राफी झाली. बाळ दिवसांच्या मानाने फार मोठे झाले आहे, भोवतीचे पाणीही वाढले आहे. साखर ताबडतोब आटोक्यात आणा, नाहीतर बाळंतपणात बाळाचा खांदा अडकू शकतो, आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली जाऊ शकते, असे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरबाईंनी बजावले. महोदय, मला बोल लावणाऱ्यांना मी पुरून उरेन. पण आत आहे त्याला खिडकी ठाऊक नाही, शेरा ठाऊक नाही. माझ्या रक्तातून येईल ते त्याला घ्यावेच लागते. नको म्हणण्याची सोय त्याला नाही.

सबब नम्र विनंती की,
(अ) मला इन्सुलिन आजच सुरू करावे व टोचायला शिकवावे;
(ब) "सहकार्य करत नाही" हा शेरा खोडावा;
(क) माझे वजन पुकारू नये;
(ड) आहारतज्ज्ञ बाईंनी माझी माफी मागावी.

चारही मागण्या एकदम मान्य करणे कार्यालयास जड जात असल्यास ब, क आणि ड मी या अर्जानेच सोडून देते. माफी नको. शेरा राहू द्या. हवे तर त्याखाली "ही बाई रात्री चोरून खाते" असे आपण स्वतःच्या हाताने लिहा, मी मुकाट सही करते. चोरटीच्या पोटातले मूलही मूलच असते. मी आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून आहे.

सोबत : सोनोग्राफीचा अहवाल. बाळाच्या आकड्याखालची रेघ मी मारली आहे.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
वजनकाट्यावरची पावतीवाली

दिनांक : आजचा. उद्याचा धरू नये.