शकिला मॅडमविरुद्ध माझी मोहीम

३ जुलै
सिंदेवाही शाखेच्या मॅनेजर शकिला मॅडम! नऊ वर्षं या मायक्रोफायनान्समध्ये मी घासतोय आणि खुर्ची तिला. सासुरवाडीला तर मीच मॅनेजर झालो म्हणून आधीच सांगून बसलोय. संताप, नुसता संताप. आजपासून तिच्याशी कामापुरतंच बोलणार.

४ जुलै
तीही कामापुरतंच बोलते. काय हा उद्धटपणा!

८ जुलै
गावात महिला गटाची सभा सातला. पोचलो साडेआठला (चिखल). ही पावणेसातपासून चटईवर बायकांमध्ये मांडी घालून. मॅनेजरनं असं बसायचं असतं? बायकांवर जरा आवाज चढवला. त्याशिवाय शिस्त राहत नाही. तिनं सगळ्यांसमोर मलाच गप्प केलं. मला!

९ जुलै, दुपारी
ठरलं. तिच्याविरुद्ध हेड ऑफिसला तक्रार, तीही बायकांच्या सह्यांनी. टाइप केली: उशिरा येतात, ओरडतात, आमचं ऐकून घेत नाहीत. थोडं वाढवलंय, पण तक्रारीत एवढं चालतं. नावाची जागा कोरी ठेवली. सह्या होण्याआधी कागद भलत्याच्या हाती लागला तर? नाव नंतर ऑफिसात भरीन. याला डोकं लागतं.

१५ जुलै
मॅडम चंद्रपूरला मीटिंगला. गटप्रमुख रुखमाबाईंना कागद दिला, सभेत वाचून सह्या घ्या म्हटलं आणि चहाला गेलो. येऊन बघतो तर तीसच्या तीस सह्या! पाकीटसुद्धा भातानं चिकटवून तयार. रुखमाबाई म्हणे, कोरी जागा ठेवून सई कराची नाई असं तुमीच शिकवलं ना भाऊ, म्हून नाव बी आमीच टाकलं. बायका पदराआड हसत होत्या. एवढा राग तिच्यावर! पाकीट तसंच स्पीड पोस्ट केलं.

२४ जुलै, सकाळी
चौकशी लागली. माझी.

दुपारी
कागद दाखवला. कोऱ्या जागेत ठळक अक्षरात माझंच नाव: गोपाल भाऊ. कृतघ्न बायका! नोकरी जाणारच होती. शकिला मॅडमनी लिहून दिलं म्हणे, माणूस कामाचा आहे, सहा महिने माझ्या हाताखाली राहू द्या. म्हणजे आता तिचे आभार मानायचे? मेलो तरी मानणार नाही.

५.३५
मानले. दोनदा. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही.