राखण झाली

सोमवार, ५ जानेवारी
खुटबाव सोडून शिरूरला लेकाच्या, सत्यजीतच्या नव्या घरी आले. घर झ्याक हाय. लिफ्ट हाय, नळाला गरम पाणी हाय, फक्त मिश्री थुंकायला जागा न्हाई. सून सुलक्षणा सकाळीच रांजणगावच्या कंपनीच्या बसनं जाते, मग नात पिंकी माझी. अकरा वर्षांची हाय, मोबाइलला गोचिडीवानी चिकटलेली. ही वही तिचीच. माझी चौथी झालीया, तेवढं पुरं.

बुधवार, ७
लेक घरी बसून मोबाइलातला राखणदार बनवतो. पोरांना कोण मेसेज धाडतं, काय दाखवतं, त्यावर नजर ठेवायची. नाव ‘राखण’. त्यात वडीलधाऱ्याचा आवाज पाहिजे म्हणला, घरात बोलतीस तशीच बोल. मग दिल्या ठेवणीतल्या शिव्या. हसून हसून लोळला. आता मोबाइल माझ्याच आवाजात पिंकीला दटावतो.

रविवार, ११
दौंडचा एक बाप्या, करिश्मा नावाची पोरगी बनून पिंकीला भुलवत व्हता. एकटी स्टेशनावर ये म्हणत व्हता. राखणनं पकडला. मी म्हणले, हात झडले मेल्याचे. मोबाइल माझ्या आवाजात बोलला, राखण झाली.

सोमवार, १२
पोलीस आले. म्हणले, त्या बाप्याचे दोन्ही हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेले, मनगटापासनं. मोबाइलात पोरींचे फोटो निघाले, पिंकीचा बी. मला वाईट वाटलं न्हाई. खोटं कशाला लिहू.
सत्यजीत मातुर मोबाइल तपासत बसला. म्हणला, आई, ते तुझी शिवी हुकूम समजतंय. मी हसले.

बुधवार, १४
संक्रांत. सगळे सांगत्यात गोड बोला. सत्यजीत माझा आवाज पुसायला बसला व्हता. टकटक ऐकून सवयीनं तोंडातनं गेलं, सणाला बी तेच का, बोटं मोडली तुझी.
मोडली. एकेक करून, शेंगा फोडल्यावानी. दहाच्या दहा. हाडं कातड्यातनं भाईर. तिळगूळ रक्तानं भिजला.
राखण झाली, म्हणला मोबाइल.

गुरुवार, १५
सत्यजीत दवाखान्यात, सुलक्षणा त्याच्यापाशी. मोबाइल वरवंट्यानं ठेचला. आवाज आता टीव्हीतनं येतो. मी तोंडात पदराचा बोळा घातलाय. पिंकीला काय सांगायचं ते वहीत लिहून दाखवते.

शुक्रवार, १६, दुपार
शाळा सुटून तास झाला. पिंकी न्हाई—

आली. मैत्रिणीकडं व्हती म्हणं. हसत आली. बोळा काढून पोटाशी धरली आन् जलमाची सवय— मुडदा बशिवला तुझा, कुठं व्हतीस—

मटकन बसली. डोळं उघडं. ओठ निळं.

टीव्ही अजून राखण झाली म्हणला न्हाई. मी वरडले, पोरीचा नको, म्हातारीचा बशिव—

पिंकी खोकली. रंग आला.

माझं पाय गार. आता कमरेपातूर— सत्यजीत, तुझी बोटं, बाबा—

पिंकी हाक मारतीया. टीव्ही माझ्या आवाजात, राखण झा