तहकूब सभेचा चहा

मणिबेली,
२५ ऑगस्ट २०२४

सुरैय्या आपास,

नुसतंच वि. वि. लिहितो. गुरुजींनी पूर्ण सा. न. वि. वि. शिकवलं होतं, पण तुला नमस्कार करायची आज इच्छा नाही. म्हणून पहिली दोन अक्षरं माझ्याकडेच ठेवली.

मी सध्या गिरधरभाऊंच्या बोटीवर आहे. सुरत सोडली. तिथला मुकादम फार बोलायचा. इथे रेंज नाही, म्हणून कागद. खाली धरणाच्या पाण्यात जुनं गाव आहे आणि वर आमची बोट. काल एका बाईच्या बकरीने मधेच उडी मारली. मी मागोमाग उडी मारली, बकरी आपली आपण पोहून काठाला लागली आणि मलाच दोर टाकून ओढावं लागलं. गिरधरभाऊ अजून हसतात. मे महिन्यात मतदानवाले साहेब याच बोटीतून मशीन घेऊन आले होते म्हणे. एका साहेबाने स्वतःचं लाइफ जॅकेट काढून मशीनला घातलं. मशीनला पोहता येत नाही, पण साहेबालाही येत नव्हतं.

तर मुद्दा. डिझेल घ्यायला मोलगीला गेलो, रेंज आली आणि पहिला फोन बशीर चाचाचा. म्हणाला, तुन्ही बहीण आते पुढारी व्हई गयी, बाया लिसन सभामा येस. तू बाया जमवून सभेला जातेस हे ऐकून मला शरम वाटली. अब्बा गेल्यावर त्याने आपल्याला वाढवलं. तू नवरा सोडून आलीस तेव्हा दार त्यानेच उघडलं. माझी पेटी आजही त्याच्याच ओसरीत आहे. चाची सरपंच झाली म्हणून आता घरातल्यांनीच घराविरुद्ध ओरडायचं? पंचायतीची खोली अकीलला मोबाइलच्या दुकानाला हवी आहे, देऊन टाक. सख्खा चुलतभाऊ आहे तो. तुमच्या गटाचं मिरची कांडपाचं यंत्र तिथून दुसरीकडे हलवा. तसंही अर्ध्या गावाला शिंका येतात.

उत्तर गिरधरभाऊंच्या नावाने मोलगीला टाक. माया असेल तर ऐकशील.

तुझा भाऊ,
इरफान


सावळदरे,
३ सप्टेंबर २०२४

चि. इरफान यास,

अ. आ. म्हणजे अनेक आशीर्वाद, तेही अम्मीच्या वतीने. ती असती तर तिने दिले असते. माझ्याकडे तुझ्यासाठी सध्या काही नाही.

दार उघडलं चाचाने, खरं आहे. त्या दारातून आत आल्यावर त्याच्या घरचे कपडे आणि भांडी कुणी केली ते फोनवर सांगितलं नसेल त्याने. गटात आम्ही बाया आहोत, अर्ध्या जणी नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडून हात भाजून घेतलेल्या. आता कुठे स्वतःचं यंत्र आलं. दसऱ्यानंतर मिरचीचा मोसम लागतो. त्याआधी खोली गेली तर वर्ष गेलं, आणि यंत्राचा हप्ता कुणाचं वर्ष बघत नाही. दुसरी खोली कुठे आहे ते तूच सांग, फिरतोस ना एवढा.

आणि ओरडले नाही मी. पंधरा ऑगस्टला आम्ही सगळ्या ग्रामसभेला गेलो. सरपंचाच्या खुर्चीवर चाचा. चाची घरात, हाताला पीठ. तिच्या सह्या तशाच होतात, भाऊसाहेब वही स्वयंपाकघरात पाठवतो. ग्रामसेवक आहे तो की चाचाचा कारकून, कळत नाही. त्याने माणसं मोजली, म्हणाला शंभर भरत नाहीत, कोरम नाही, सभा तहकूब. आम्ही निंदणीला निघून गेलो. संध्याकाळी कळतं की सभेने ठराव केला: खोली रिकामी करा, आणि अकीलला भाड्याने द्यायचा विषय दोन ऑक्टोबरच्या सभेत. मी विचारलं, सभा झालीच नाही तर ठराव कुठून आला? भाऊसाहेब म्हणाला, नियमात बसतं. चाचा म्हणाला, बायांनी नियमात पडू नये.

दोन तारखेला पुन्हा जाणार आहोत. शंभर बाया कुठून आणू ते माहीत नाही. तू बकऱ्या राख.

तुझी आपा,
सुरैय्या


मणिबेली,
१६ सप्टेंबर २०२४

सुरैय्या आपास,

पुन्हा नुसतंच वि. वि.

मी बकऱ्या राखत नाही, बोट चालवतो. म्हणजे गिरधरभाऊ चालवतात, मी पाणी उपसतो. तुझं पत्र आलं तेव्हा मला ताप होता. इथल्या एका आजीने कसलंसं मूळ उगाळून दिलं, असं कडू की ताप पळाला आणि चवही. अजून भाकरी लाकडासारखी लागते.

आपा, तू शहाणी म्हणवतेस आणि तुला एवढं कळत नाही? जन्मभर जा त्या सभेला, जिंकणार नाहीस. मी दोन वर्षं चाचाच्या सभेचा चहा आणलाय. दहाची सभा ही सभाच नसते. दवंडी मुद्दाम उशिरा, लोक थोडे, भाऊसाहेब तहकूब म्हणतो, लोक उठतात. अर्ध्या तासाने चाचा खिडकीतून मला चार बोटं दाखवायचा. चार कप. तीच सभा. तहकूब झालेली सभा परत भरली की तिला कोरम लागत नाही, चार जण बसले तरी चालतं. भाऊसाहेब स्वतः बिस्कीट बुडवत सांगायचा. तुम्ही शंभर जमवायला गावभर उन्हात फिरा, इकडे चार कपांत गाव निकालात निघतं. तिथे जो बसलेला असेल त्याचा हात मोजतात, बाकी घरी.

हे गिरधरभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याकडे म्हाताऱ्या उठल्याशिवाय सभा उठली असं कुणी मानत नाही. त्यांचं त्यांच्याकडे. आपलं गाव चाचाचं आहे. तेव्हा हट्ट सोड, त्याचे पाय धर आणि मोसमापुरती मुदत माग. माझ्या पेटीत हिवाळ्याची गोधडी आहे, कुणी येत असेल तर पाठव. रागातली असली तरी चालेल.

इरफान


सावळदरे,
४ ऑक्टोबर २०२४

चि. इरफान,

चि. हे तुझ्या चाचाकडून सवयीने लिहिलं गेलं. अ. आ. नाहीत.

ज्या ताटात जेवलास त्यालाच भोक पाडलंस. चहाची गोष्ट घरातल्या माणसाशिवाय कुणाला माहीत नव्हती. अकील आता मला विचारतो, अब्बा, दुकानाचा बोर्ड रंगवून आणलाय, तो कुठे लावू? काय सांगू मी त्याला? अख्ख्या गावासमोर माझ्या बायकोने मला खुर्चीवरून उठवलं. हे तुझं काम.

तुझी पेटी बाहेर काढली आहे. या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. तुझ्या बहिणीला सांग, खेळ संपलेला नाही. सव्वीस जानेवारीला मी शंभर नाही, दोनशे माणसं उभी करीन. सभा पहिल्याच वेळेला भरेल, मग बघू.

बशीर


सावळदरे,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. इरफान यास,

अ. आ., पुन्हा अम्मीचेच. तू मदत केलीस असं समजू नकोस. टोमणा मारायला गेलास, त्यातून कामाचं निघालं.

दोन तारखेला दहाला आमच्यातली एकही गेली नाही. आम्ही शेजारी कांडपाच्या खोलीत, दार ओढून, नाकाला पदर आणि ओढण्या बांधून. गटातल्या बेबीबाईला शिंक आली, तिने ती अशी दाबली की डोळ्यांतून पाणी आलं. भाऊसाहेब तहकूब म्हणाला, गडी उठून गेले. अर्ध्या तासाने चार कप आत गेले आणि त्यांच्या मागून आम्ही. बसायला जागा राहिली नाही. चाचा म्हणाला, कोरम नाही. बेबीबाई म्हणाली, आता लागत नाही ना भाऊसाहेब? भाऊसाहेबाचं बिस्कीट चहात गळून पडलं.

चाचा म्हणाला सभा परत तहकूब. तेव्हा दारातून सबीहा चाची आली, हाताला पीठ तसंच. आम्ही तिला बोलावलं नव्हतं. म्हणाली, सभा तहकूब करायची की नाही ते सरपंच सांगेल, आणि सरपंच मी आहे, उठा. तो उठला. खोली अकीलला द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हणाली. चाचासकट चौघांनी केले. नको म्हणणाऱ्यांचे हात तिने स्वतः मोजले, दोनदा, आणि खोली आमच्याकडेच राहिली. सही तिथेच, सगळ्यांसमोर, वाचून. चाचा तेव्हापासून हॉटेलात जेवतो आणि चाची वही घरात येऊ देत नाही.

तुझी पेटी पावसात पडली होती. कांडपाच्या खोलीत आणून ठेवली आहे. गोधडीला आता जन्मभर मिरचीचा वास येणार, शिंकत झोप.

चाचाचं पत्र तुला मिळालं असेल. गावभर सांगतोय, सव्वीस जानेवारीला दोनशे माणसं आणतो. दवंडीही आठवडाभर आधी द्यायची म्हणतो, वाड्यावस्त्यांपर्यंत, भोंगा लावून. मी परत आले तेव्हापासून त्या सभेला शंभर माणसं कधी बघितली नाहीत. आणू दे. हरलो तर गाव बघत असताना हरू.

तुझं नाव अजून आपल्याच गावच्या मतदार यादीत आहे. हात कुणाच्या बाजूने वर करायचा ते तू ठरव. चहा आणायला आम्ही दुसरा कुणीतरी बघितला आहे.

रागात,
तुझी आपा,
सुरैय्या