हार्युलांच्या दगडाखालची जागा

अहिल्या मावशी, आधीच सॉरी. शुद्धलेखन चुकेल, आणि मराठी की-बोर्डवर मी एका बोटाने टाइप करते, जोडाक्षर आलं की अडते. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, पण मराठी शाळा तर त्याच्या खूप आधी सुटली. तू म्हणालीस, ज्या भाषेत सुचतं त्यात लिही, इंग्लिश मी करते. म्हणून हे.

मी, रुही वालावलकर, वय एकोणीस, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, डोकं ठिकाणावर असताना, कोणाचा दबाव नसताना हे लिहिते. सोमवारपासून मी झाडं कापायच्या कामात दोरावर वर जाणार. आत्तापर्यंत खाली फांद्या ओढत होते. वर जाणाऱ्याने मृत्युपत्र करून ठेवावं असं आमचा बॉस म्हणतो. डोकं ठिकाणावर आहे असं लिहिलं खरं, पण मंगळवारपासून ते हललंय. का, ते कलम चारमध्ये.

एक. बँकेत जे असेल ते आईला, म्हणजे सुचित्राला. गाडीपण तिला. तिने ती हायवेवर नेऊ नये, ब्रेक मारला की डावीकडे खेचते.

दोन. हातकरवत मार्कला. मार्क म्हणजे आईचा नवरा. आम्ही इथे आलो तेव्हा मी कोणाशी बोलायचे नाही, आणि त्याने मला कधी बोलायला लावलं नाही. माझा दोर मात्र कोणालाच देऊ नका, कापून फेका. दुसऱ्याच्या दोराने आमच्यात कोणी चढत नाही, तो आतून कुठे झिजलाय ते दिसत नाही.

तीन. नाव. आम्ही राहतो ते घर मार्कच्या वडिलांचं. त्यांना सगळे पाप्पा म्हणतात, फिनलंडचे लोक आजोबांना तसं म्हणतात. आडनाव हार्युला. लग्नानंतर आई हार्युला झाली. मी एका थँक्सगिव्हिंगला विचारलं, मीपण होऊ का? सगळा धीर त्या एका वाक्यात संपला. पाप्पा टर्की कापत होते. म्हणाले, "तू चांगली मुलगी आहेस. पण नाव रक्तातून येतं. आम्ही तीनशे वर्षं फिनलंडमधल्या एकाच शेतावरचे." मग म्हणाले, स्मशानात आमचा दगड आहे, तिथेही हार्युलाच जातात. मी बटाटे पुढे सरकवले. आईने त्या दिवशी त्यांना परत वाढलं नाही. आम्ही दोघीही ते विसरलेलो नाही.

चार. पाप्पांचे आजोबा त्या शेतावरून अमेरिकेला आले. पाप्पा दर ख्रिसमसला तिथल्या चुलत घराण्याला कॉफी आणि मेपल सिरप पाठवतात. तिकडून हाताने विणलेले मोजे येतात. ते घालून पाप्पा सगळ्यांना पाय दाखवतात, म्हणतात, हे घरचं विणकाम. यंदा त्यांना दगडावर घराण्याचं पहिलं वर्ष कोरायचंय, म्हणून मला म्हणाले व्हिडिओ कॉल लावून दे. नेट चालतं का बघायला मंगळवारी मी आधी एकटीने लावला. हेल्वी नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या, इंग्लिश शिकवायच्या, त्यामुळे छान बोलतात.

मी वर्ष विचारलं. त्या म्हणाल्या, "कोणाचं? तुमचा तो अमेरिकेला गेलेला माणूस आमचा कोणीच नव्हता गं. दोन हिवाळे इथे गडी होता."

"पण त्याचं नाव हार्युला होतं."

"ते या घराचं नाव. इथे जो राहायचा तो हार्युला. त्याआधी तो दुसऱ्या शेतावर होता, तेव्हा त्या शेताचं नाव. इथून बोटीत बसला, म्हणून हेच नाव अमेरिकेला गेलं."

मग विचारलं, "आणि मोजे?"

"आम्हाला वाटलं तुम्हाला माहितीये. ते इतकं प्रेमाने लिहितात. आमची आई सांगून गेली, त्या अमेरिकेवाल्याला मोजे चुकवू नका."

मी खाली जाऊन आईला सांगितलं. ती कांदा चिरत होती, हसायलाच लागली. "म्हणजे वालावलकरांसारखंच की. तुझ्या बाबांनी वालावल पाहिलं पण नव्हतं." मग हसायची थांबली. "रुही, पाप्पांना सांगू नकोस. मोडतील ते."

"आई, ते मला म्हणाले, नाव रक्तातून येतं."

"म्हणाले. मी तिथेच होते."

पाच. म्हणून मी असं ठरवलंय. पाप्पांना हे कोणी सांगायचं नाही. मी कॉल लावलाच नाही, तिकडे नेट नाही असं सांगितलंय. मोजे आले की छान म्हणायचं. पाप्पांनंतर कॉफीचं पार्सल मार्कने चालू ठेवावं.

पण माझी राख हार्युलांच्या दगडाखालीच ठेवायची, आणि दगडावर रुही हार्युला कोरायचं. नियम त्यांच्याच गावचा आहे, जो ज्या घरात राहिला त्याचं ते नाव. पाप्पांच्या आजोबांनी त्या शेतावर काढले त्याहून जास्त हिवाळे मी या घरात काढलेत, आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ मीच काढते. मी त्यांच्याआधी गेले तर मला आईच्या कपाटात थांबवा. घाई नाही. पाप्पा तिथे गेले की मग मला त्यांच्या शेजारी ठेवा, तेव्हा ते नाही म्हणणार नाहीत.

साक्षीदार: अहिल्या मावशी आणि दिगंबर काका. साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, म्हणून तुमच्यासाठी काही नाही, राग मानू नका. सही तुमच्या घरी येऊन करते.

श्रूजबरी, ९ नोव्हेंबर २०२४
रुही

मावशी, थांब, मार्क आत्ता वर येऊन सांगतोय की शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये अस्वल शिरलंय आणि फ्रीज उघडून बसलंय. दोन हिवाळे राहिलं तर त्यालाही शेजाऱ्यांचं आडनाव द्यावं लागेल.