टाकीतलं शिळं पाणी

आई, तुझ्या बहिणीने काल माझी अख्खी टाकी रिकामी केली. तू असतीस तर हसली असतीस आणि तिचीच बाजू घेतली असतीस, म्हणून आधी माझं ऐकून घे. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे हल्ली मी कुठे राहते हेही तुला ठाऊक नाही. कर्जतचा फ्लॅट मी विकला. एक जुनी शाळेची बस घेतली, शिळफाट्याच्या एका गॅरेजात तिच्यातली बाकं काढून आत ओटा, पलंग, कपाटं बसवून घेतली आणि पळसदरीच्या पुढे मैत्रिणीच्या माळावर ती उभी केली. तिथे लाईटचा मीटर नाही की नळ नाही. लोकांना वाटतं मी मजेत आहे. मजा कसली, दिवसभर मी या घराची मोलकरीण असते. सकाळी शिडी लावून टपावरच्या सोलरच्या पाट्या पुसायच्या, नाहीतर त्यांच्यावर धूळ बसून संध्याकाळी पंखा मान टाकतो. मग संडासाचा डबा खड्ड्यात ओतायचा, धुवायचा आणि तोंड वाकडं न करता चहा प्यायचा. गॅस संपला की सिलिंडरसाठी रिक्षावाल्याच्या विनवण्या. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पाणी. ओट्याखाली टाकी आहे. बांधापलीकडच्या घरातल्या वहिनी त्यांच्या बोअरवरून मला रोज दोन कॅन भरू देतात, ते मी वरून ओतते. तांदूळ धुतलेल्या पाण्यात मी भांडी विसळते आणि ते पाणी आंब्याच्या कलमांना घालते. असा सगळा कंजूष कारभार आहे.

मावशी गेल्या आठवड्यात आली. तिची शिळफाट्याची चाळ पाडणार आहेत, शेजारची बिऱ्हाडं उठलीसुद्धा. मुलगा सुरतेहून बोलावतो, पण कसं बोलावतो ते तिला कळतं. मी म्हटलं, माझ्याकडे आठ दिवस राहून बघ, जमलं तर कायमची राहा. ती राहावी असं मला फार वाटत होतं, आई. तुझ्याकडचं माणूस आता तेवढं एकच उरलंय, आणि रागावली की ती अगदी तुझ्यासारखी हनुवटी पुढे काढते. पहिले दिवस तिने सगळ्याला नावं ठेवली. पलंग अरुंद, पंखा नुसता फिरतो, वारा नाही, बसमध्ये देव कुठल्या दिशेला ठेवायचा. तरी ती रोज काहीतरी काम मागायची आणि मी म्हणायचे, तू बस, तुझे गुडघे दुखतात.

काल मी कर्जतहून सिलिंडर आणि भाजी घेऊन आले तर बसच्या खाली सगळा चिखल. आंब्याची कलमं डबक्यात उभी, आणि मावशी पायरीवर पाय पसरून, गुडघे चोळत, सत्यनारायण पार पाडल्यासारख्या समाधानी चेहऱ्याने बसलेली. टाकी धुवायची वेळ आली की उघडायला बसच्या पोटाखाली एक तोटी आहे. तिच्याखाली बादली लावून, एकेक बादली वाहून नेत, तिने टाकी कोरडी केली होती.

"काय केलंस गं हे?"

"चार दिवसाचं पाणी होतं गं त्यात. शिळं. आंब्यांना घातलं सगळं. आता ताजं भर."

ताजं भर म्हणे. जणू मी नुसता नळ सोडायचा होता. माझा आवाज चढला. मी म्हटलं, अगं रोज दोन कॅन घालते ना मी, ताजंच असतं ते. तशी तिने हनुवटी पुढे काढली.

"वरचं नवं, खालचं शिळं. कुणाला फसवतेस गं?"

हे वाक्य तुझं आहे, आई. शब्दन् शब्द तुझं. मी फ्रॉकात आहे, कर्जतच्या आपल्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघरात, सार्वजनिक नळावरून आणलेली कळशी कालच्या अर्ध्या हंड्यात ओतते आहे, आणि तू तो हंडा माझ्यादेखत मोरीत उपडा करतेस आणि हेच म्हणतेस. रात्रीचं पाणी देवालाही नको आणि माणसालाही नको, हा तुमच्या माहेरचा हट्ट. तुझ्या हट्टापायी मी रोज शाळेआधी दोनदा नळावर जायचे, माझी बाही ओली ती ओलीच. मला तेव्हा जो राग यायचा, तोच्या तोच काल आला. एवढ्या वर्षांत तो जरासुद्धा शिळा झालेला नव्हता. मी मावशीला म्हणाले, "अशानं इथं राहणं जमायचं नाही."

ती उठली. आत जाऊन पातळं घडी करून पिशवीत भरायला लागली. म्हणाली, "तुझंच खरं हाय. मला घरी सोड."

मी कॅन घेऊन बांधापलीकडे गेले. वहिनी दारातच होत्या. "लाईट नाय ताई, बोअर बंद हाय. संध्याकाळपर्यंत काय खरं नाय." मी रागाच्या भरात सगळं सांगितलं. कुणीतरी माझ्या बाजूने बोलावं एवढीच अपेक्षा होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आजींनी काय वाईट केलं? आमी बी शिळं ठेवत नाय." मी कॅन उचलले आणि परत फिरले.

घरात प्यायला तांब्याभर पाणी होतं. मग अख्खं घरच पाण्याला न्यायचं ठरलं. म्हणजे गॅस बंद करा, कपाटांना कड्या घाला, भांडी टॉवेलात गुंडाळा, बरण्या पलंगावर आडव्या करा. मावशी माझ्या शेजारी बसली, मांडीत बाळकृष्ण, पायाशी पिशवी. खोपोलीच्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाला मागे डाव आणि झारे वाजत होते. गॅरेजवाल्याकडे पाणी भरायचं आणि वाटेत तिला सोडायचं, असं मी मनात धरलं होतं. मनात असंही होतं की आपण एवढं बोलायला नको होतं, पण ते तोंडून निघत नव्हतं. तुझीच मुलगी ना मी.

चाळीपाशी बस आडवी लागली तशा मागच्या रिक्षा कोकलायला लागल्या. मावशी पिशवी घेऊन उतरली, कुलूप उघडून आत गेली. मी स्टिअरिंग धरून बसले. मला वाटलं, संपलं, तुझ्या माहेरचं शेवटचं माणूस मी पाण्यापायी घालवलं. रडू येत होतं आणि मागून हॉर्न वाजत होते.

तेवढ्यात ती पदर खोचून बाहेर आली, हातात नळीचं भेंडोळं.

"बसून काय राहिलीस? नळ जाईल आता. टाकीचं तोंड उघड."

तिच्या मोरीच्या नळाला नळी लावून आम्ही टाकी काठोकाठ भरली. रिक्षावाले जे बोलायचं ते बोलले. मग तिने नळी गुंडाळून बसमध्ये टाकली, घराला कुलूप घातलं, आणि पिशवी पुन्हा पायाशी आली. तिच्या मांडीवर आता तिची तांब्याची कळशी होती आणि कळशीत बाळकृष्ण. गाव मागे पडल्यावर म्हणाली, "उद्या किती टाकायचं ते सांग."

"काय?"

"शिळं. सगळं नको म्हणतेस ना? मग किती?"

मी म्हटलं, "एक कळशी."

"दोन."

"एक, मावशी."

तिने कळशीतला बाळकृष्ण सरळ केला. "बरं. पण तळाचं काढायचं. वरचं नाय."

आज तिचे गुडघे सुजलेत, ती अजून झोपली आहे. मी खाली वाकून तोटी उघडली, तळाची एक कळशी काढली आणि शिव्या देत कलमाला घातली. बोअरला लाईट आली होती, तिथून कळशी घासून भरून आणली आणि त्याच पाण्याचा चहा केला. चहा नेहमीपेक्षा चांगला झाला. मावशीला मी हे सांगितलेलं नाही, आणि हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार असतं तर ही ओळ मी लिहिलीच नसती.