मारायला ओतलेलं पाणी

बा, तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली. भावाच्या नातीकडून म्हातारपणी अक्षरं शिकले, ती पहिल्यांदा तुझ्यावरच खर्चते आहे.

विलायतेला कापूस कमी पडला, अमरावतीचे दलाल गावोगाव फिरू लागले, तेव्हा तूही बार्शीटाकळीच्या मळ्यातली वांगी-मिरची उपटून कापूस लावलास. मी विधवा होऊन तुझ्या दारी परतलेली. लांब धाग्याची झाडं मी हेरायची, त्यांचीच बोंडं वेगळी वेचायची, सरकी मडक्यात जपायची. दोन वर्षं दाट उगवली. तिसऱ्या वर्षी एक ओळ वर आली आणि शेजारची मातीतच राहिली. तू उकरून पाहिलंस. दाणे खड्यासारखे कडक, टाकले तसेच.

मजुरणींसमोर तू माझ्या ओटीतली सरकी हिसकावलीस. "रांडमुंडीचा हात लागला, मंग कसं उगवन? आजपासून बियाले शिवू नको."

"बा, साऱ्या ओळीले माहाच हात होता. मंग अर्ध्या काहून उगवल्या?"

मडकं दादाकडे गेलं.

पुढल्या मृगात पेरणीच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं वावरात होता. मी चुलीवरचं कढत पाणी सरकीवर ओतलं. मारायलाच ओतलं, बा. एक दाणा जगू नये म्हणून. मग निथळून, शेणामातीत चोळून होती तशी ठेवून दिली.

सहाव्या दिवशी वावर हिरवंगार. एक जागा रिकामी नाही. तू गावभर सांगत फिरतोस, "माह्या पोराचा हात पाह्यला काय?" आणि मी भाकरी थापत ऐकते आहे.

पुढे मूठमूठ सरकी भिजवून मला कळलं, काही दाण्यांचं कवच पाणी आत घेतच नाही, कढत पाण्यानं ते सैल होतं. तेही दरवेळी नाही. एकाच बोंडातला एक दाणा चौथ्या दिवशी डोकं काढतो, दुसरा कधीच नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. पण जेवढं कळलं तेवढंही तुला सांगितलं नाही. पुढल्या सालापासून दादाच्या हातच्याही ओळी पुन्हा तुटू लागल्या; दरसाल तू त्या तुटक्या ओळींपाशी उकिडवा बसायचास, मी बांधावरून पाहायची.

शेवटच्या दुखण्यात तू विचारलंस, "पोरी, त्या साली दादानं काय केलं होतं वं?"

"काई नाई, बा. त्याचा हातच तसा."

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. माफी मागायला बसले होते. पण तू विचारलंस आणि मी सांगितलं नाही, हे आठवलं की अजून जीव सुखावतो.